सर्वांचा एक क्रूस



पावसाळा सरल्यावर एक आजी आमच्याबरोबर दफनभूमीत आल्या. चाळीस वर्षांपूर्वी पुरलेल्या लेकराची कबर त्या शोधत होत्या. लाकडी क्रूस वाळवीने कधीच खाल्ला होता आणि काळ्या मातीने सगळे सपाट केले होते. शेवटी त्या म्हणाल्या, "फादर, मेणबत्ती लावू कुठं?" सेमिनरीत ‘माणसाची ओळख कशात?’ या प्रश्नावर आम्ही पाने भरली होती. त्यांतले एकही त्या वेळी कामी आले नाही.

मध्ययुगात इंग्लंडच्या गावांतही सामान्य माणसाच्या कबरीवर नावाचा दगड क्वचितच असे. चर्चच्या आवारात, बहुधा दक्षिणेला, पायऱ्यांच्या चौथऱ्यावर एकच उंच दगडी क्रूस उभा असे. त्या भूमीत निजलेल्या सर्वांचा तो क्रूस. झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक त्याच्यापाशी थांबे. जिवंतांची प्रार्थना मृतांच्या सोबतीने होई. १६४३ साली तिथल्या पार्लमेंटने असे क्रूस पाडण्याचा हुकूम काढला. कित्येक गावांत आज पायऱ्या आणि खुंटच उरला आहे.

आपल्याकडे वांद्र्याच्या सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारात अखंड दगडाचा, सुमारे १७ फूट उंचीचा क्रूस आहे. त्यावर प्रभूच्या दुःखसहनाची चिन्हे कोरलेली आहेत. मूळचा तो येशूसंघीयांच्या वांद्र्यातील सेंट अॅन विद्यालयाचा. १७३९ च्या युद्धकाळात ती वास्तू गेली, क्रूस मात्र राहिला.

आपण काय करतो? ऐपत असलेला संगमरवर बसवतो. गरिबाचे आईबाप दोन पावसाळ्यांत निनावी होतात. संगमरवर लावू नका, असे आमचे म्हणणे नाही. पण प्रभूला स्वतःची कबरदेखील नव्हती. तो दुसऱ्याच्या कबरीत निजला. आपल्या मेंढरांना नावाने हाक मारणारा तो मेंढपाळ आहे. त्याच्या कळपातले नाव आपण कसे हरवू द्यावे?

म्हणून यंदा दफनभूमीच्या मधोमध एक साधा दगडी क्रूस उभारू. ज्याला पैसा जमेल त्याने पैसा द्यावा, ज्याला जमणार नाही त्याने एक दिवसाचे श्रम. ज्यांच्या कबरी सापडत नाहीत, त्यांची नावे चिठ्ठीवर लिहून अर्पणपेटीत टाका. २ नोव्हेंबरच्या मिस्सात ती एकेक करून वाचू आणि मेणबत्त्या त्या क्रूसापाशी लावू.

आजींच्या लेकराचे नाव आम्ही लिहून घेतले आहे. यादीत पहिले तेच आहे.

प्रभूचा आशीर्वाद आपणां सर्वांवर असो.

आपले धर्मगुरू