तारीख कोणाची?

पूर्व विदर्भाच्या पर्यटनाची चर्चा निघाली की बोदलकशाचे नाव येतेच. तिरोडा तालुक्यातला, डोंगरांनी वेढलेला हा तलाव इंग्रजी अमदानीत, १९१७ साली, धानाच्या पाण्यासाठी बांधला गेला. आज काठावर पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे आणि नागझिऱ्याचे जंगल जवळ आहे. मग कुणीतरी सुचवतो की मंडई, शंकरपट आणि झाडीपट्टीचे नाटक एकाच मांडवाखाली आणून इथे शनिवार-रविवारचा महोत्सव का भरवू नये? नागपूरची माणसे येतील, पुण्या-मुंबईचीही येतील. सोबत दाखला जर्मनीचा: तिकडे परदेशातून लोक दोन दिवसांसाठी विमानाने जातात, तीन-चार फुटबॉल सामने बघतात, पैसा सोडून येतात. आपल्याकडे असे ‘स्पोर्ट्स टुरिझम’ का नाही?

दाखला चांगला आहे. फक्त तो देणाऱ्याच्या विरुद्ध जातो.

आधी त्या प्रवाशाकडे बघू. नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलेली आपली मुलेही आता असे फिरतात. शुक्रवारी रात्री साडेआठला एक सामना, शनिवारी दुपारी साडेतीनला बरेचसे एकदम, संध्याकाळी साडेसहाला आणखी एक, उरलेले रविवारी. ऱ्हूरच्या पट्ट्यात डोर्टमुंड, गेल्सेनकिर्शेन, बोखुम, एसेन, डुइसबुर्ग ही शहरे एकमेकांना इतकी खेटून आहेत की लोकलने फिरत दोन दिवसांत तीन मैदाने होऊन जातात. पुष्कळ ठिकाणी सामन्याचे तिकीट हेच त्या दिवसाचे गाडीचेही तिकीट असते. डोर्टमुंडच्या दक्षिण सज्जात जवळपास पंचवीस हजार माणसे उभ्याने सामना बघतात. आपला हा प्रवासी त्यांतल्या कोणत्याच संघाचा नसतो. त्याला मैदान बघायचे असते, गर्दीचा आवाज ऐकायचा असतो, आणि शक्यतो चांगला खेळही.

आता मंडई, म्हणजे इकडची गावजत्रा. गोंदिया-भंडाऱ्याच्या गावांत ती भाऊबीजेपासून सुरू होते. हलके धान निघालेले असते, भारी धान अजून बांधीत असते. लेकी-जावई, मामे-भाचे, साळे-मेहुणे आदल्या दिवशीच येऊन पडतात. दिवसा दंडार किंवा खडी गंमत, गोवाऱ्यांची ढाल, शिंगाड्यांचे ढीग, पानठेले, जिलेबीच्या कढया. रात्री नाटक. ते उशिरा सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते, मधल्या अंकाला डुलकी घेणाऱ्यालाही शेवटचा अंक चुकत नाही. सोयरिकीच्या गोष्टी याच गर्दीत निघतात. नाटकाच्या मंडळ्या बहुतेक देसाईगंज-वडशाहून येतात. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रंगभूमीचे नाव दोन दिवस आठवले होते. पुढे थंडी वाढली की शंकरपट. बैलांच्या दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात, काही सेकंदांत निकाल लागतो, आणि त्या काही सेकंदांसाठी माणूस तीस-चाळीस किलोमीटर फटफटीवर आलेला असतो. आज या गावी पट, रात्री तिथेच नाटक, उद्या पुढच्या गावी मंडई असा आठवडा काढणारे हौशी लोक झाडीत काही कमी नाहीत. जर्मनीच्या प्रवाशाचा हा सख्खा भाऊ आहे. त्याला कुणी टुरिस्ट म्हटले नाही इतकेच.

अशा हिंडण्यावर आक्षेप आहेतच. घरी पडद्यावर जास्त स्पष्ट दिसते, हा मी सोडून देतो. दिसणे आणि जाणे ज्याला सारखेच वाटते त्याच्याशी काय बोलायचे? विमानाच्या धुराचा आक्षेप खरा आहे, पण तो परगावच्या लग्नालाही लागू पडतो. ‘यातून रोजगार येईल’ हा आक्षेपच नव्हे, ती निविदा आहे.

मला छळतो तो निष्ठावाद्यांचा आक्षेप, कारण तो हुशार माणसे घेतात. त्यांचे म्हणणे असे: खेळ बघण्याचा अधिकार हरण्याचे दुःख ज्याला होते त्याचा. गेल्सेनकिर्शेनमध्ये शाल्के क्लबच्या मागे जो उभा असतो त्याचा आजा कोळशाच्या खाणीत होता. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा फुटबॉल संघ उतरतो तेव्हा पेठ उतरते. बर्लिनच्या युनिअन क्लबचे मैदान २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी स्वतः राबून नवे केले. तिथे दोन दिवसांचे तिकीट काढून आलेला, दोन्ही बाजूंच्या गोलांना टाळ्या वाजवणारा माणूस म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या मयताला फोटो काढायला आलेला इसम. तो गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाइके वाढली की खेळाचे दुकान होते.

यातले शेवटचे वाक्य मला मान्य आहे. त्याआधीचे एकही नाही, किंवा थोडे सावधपणे म्हणायचे तर, त्या वाक्यांवरून हे शेवटचे वाक्य निघत नाही.

खाणीचेच घ्या. जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बोट्रॉपला बंद झाली. शाल्केच्या मैदानात खेळाडू ज्या बोगद्यातून येतात तो खाणीसारखा सजवलेला आहे, कारण खरी खाण उरलेली नाही. सज्जातला तरुण ज्या खाणीच्या नावाने ओरडतो ती त्याने पाहिलेलीच नसते. त्याची निष्ठाही ऐकीव आहे, आजोबांकडून आलेली. मग एकाला ती वारशाने मिळाली आणि दुसऱ्याने प्रवास करून कमावली, यात पहिला खरा आणि दुसरा खोटा कसा? वारसाहक्काला इतका मान देण्याची सवय आपल्याला इतर ठिकाणी महागात पडलेली आहे.

दुसरे, दुःखाची कसोटी. पटावर उभ्या असलेल्या हजारोंपैकी जोडीच्या मालकाच्या गावचे किती असतात? बहुतेकांची जोडी नसते, मालकाशी नाते नसते, पैजही नसते. त्यांना बैल कळतो. सुटताना जोडी कशी उचलली, कोणत्या बैलाने मान टाकली, हाकणाऱ्याने कासरा केव्हा सैल सोडला, हे त्यांना दिसते आणि ते घरी जाऊन आठवडाभर त्यावर बोलतात. त्या मैदानावरचे सर्वांत जाणते प्रेक्षक बहुधा निःपक्षच असतात. आणि निष्ठा काय काय करते हे कोल्हापूरला कुणी सांगायला नको. हुल्लडबाजीने थांबलेले सामने तिथल्या जाणत्या प्रेक्षकांनाच जास्त खुपतात.

निष्ठावादी यावर म्हणतील, परक्याने जागा अडवली तर घरचा बाहेर राहतो. हा मुद्दा खरा आहे आणि डोर्टमुंडसारख्या ठिकाणी, जिथे ८१ हजारांचे मैदान असूनही तिकीट मिळणे कठीण, तो बोचतो. पण हा जागांचा प्रश्न झाला, हक्काचा नव्हे. आणि घरच्यांपुरताच खेळ ठेवायचा तर सामना तरी कोणाशी खेळणार?

इथे निष्ठावाद्यांची नजर जिथे जात नाही ती गोष्ट येते. जर्मन लीगमध्ये प्रत्येक संघ ३४ सामने खेळतो, १७ घरी आणि १७ बाहेर. यजमान क्लबाने दहा टक्के जागा पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी राखून ठेवायच्या असा नियम आहे. म्हणजे परगावचा माणूस त्या खेळाच्या मांडणीतच धरलेला आहे. मंडईचेही तेच. शेजारच्या गावांच्या मंडया शक्यतो एका दिवशी येऊ दिल्या जात नाहीत, कारण आल्या तर कोण कोणाकडे जाणार? आज तुम्ही आमच्याकडे, परवा आम्ही तुमच्याकडे. घरचा सामना आणि बाहेरचा सामना ही व्यवस्था झाडीतल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही.

मग दुकान कुठे सुरू होते? पैशापाशी नाही. डोर्टमुंडचा क्लब २००० सालापासून शेअर बाजारात आहे. वडशाच्या मंडळीला ठरलेली रक्कम द्यावी लागते आणि मांडवाच्या दारावर तिकीट असते. जर्मनीत १९९८ पासून ‘५० अधिक १’चा नियम आहे, म्हणजे क्लबच्या कंपनीत निम्म्याहून एक मत जास्त सभासदांच्या हाती राहिले पाहिजे. त्याचे कौतुक करणारे लेख आपल्याकडेही येतात. नियम मोलाचा आहे, पण लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्गला त्यातून सूट मिळालेली आहे आणि त्यांच्या मैदानांवरही माणसे जीव ओतून ओरडतात. मालकी हा सगळा प्रश्न असता तर तिथे स्मशानशांतता असायला हवी होती.

माझ्या मते दुकान सुरू होते ते तारखेपाशी. कार्यक्रम कोणत्या दिवशी, किती वाजता, हे कोण ठरवतो? ज्यांच्या जगण्यातून तो कार्यक्रम उगवतो ते ठरवत असतील तर बाहेरून आलेला माणूस पाहुणा राहतो, मग त्याने तिकिटाला कितीही पैसे मोजलेले असोत. बाहेरच्याच्या सोयीने तारीख हलली की तोच माणूस, तेच पैसे, आणि तो गिऱ्हाईक झाला.

जर्मन प्रेक्षकांना हे बरोबर कळलेले आहे. २०१७-१८ च्या हंगामात पहिल्या विभागात सोमवारी रात्रीचे काही सामने सुरू झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्रँकफर्टला प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले. पुढच्याच सोमवारी डोर्टमुंडला, जिथे एरवी मुंगीला जागा नसते, ५४ हजारांच्या आसपास लोक आले, कारण बाकीचे ठरवून घरी बसले. त्यांची तक्रार साधी होती. सोमवारी रात्री दूरच्या गावी सामना बघून मंगळवारी सकाळी कामावर कसे पोहोचायचे? २०२१-२२ पासून पहिल्या विभागाचे सोमवार बंद झाले. निष्ठावाद्यांनी या लढ्याकडे जरा थांबून बघावे. हा मुख्यतः घरच्या सज्जाचा प्रश्नच नव्हता. घरचा माणूस सोमवारी रात्रीही चालत मैदानात जाऊ शकतो. सोमवार नडतो तो प्रवास करणाऱ्याला. म्हणजे ज्याला ते गिऱ्हाईक म्हणून हिणवतात त्या जातीच्या माणसासाठी, आणि त्याच्याच पुढाकाराने, खेळाची तारीख टीव्हीच्या हातून काही अंशी परत मिळाली. निष्ठा घरी बसून शाबूत राहिली असती. तारीख राहिली नसती.

यावर कुणी म्हणेल, संघाच्या मागे जाणारा प्रवासी वेगळा आणि नुसताच मैदाने हिंडणारा वेगळा. वेगळे आहेतच. पण कसोटी दोघांना एकच लावायची. पुण्याचा मुलगा शनिवारी साडेतीनच्या सामन्यासाठी आपली रजा, आपले विमान, आपली झोप त्या साडेतीनला जुळवून घेतो. त्या गावाने त्याच्यासाठी काहीही हलवलेले नसते. याहून नम्र प्रेक्षक कोणता?

उलट उदाहरण फार लांबचे नाही. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी भारतात येऊन गेला. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये लोकांनी महाग तिकिटे काढली, तो पुढाऱ्यांच्या घोळक्यात थोडा वेळ दिसला-न दिसला आणि निघून गेला, मग बाटल्या आणि खुर्च्या उडाल्या. प्रेक्षकांच्या बेशिस्तीवर पुष्कळ लिहिले गेले. पण तिथे सामनाच नव्हता. सगळे काही फक्त प्रेक्षकांसाठी मांडलेले होते, आणि फक्त प्रेक्षकांसाठी मांडलेल्या गोष्टीत बघण्यासारखे काही उरत नाही.

मंडईची तारीख पूर्णपणे शुद्ध आहे असा माझा दावा नाही. हवी ती मंडळी त्या दिवशी मिळत नसेल तर गावाला दिवस पुढे-मागे करावा लागतो. पटाचे तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २०१४ मध्ये बंदी, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त मुभा, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्यातही दिवस जातात. बैलाच्या वेदनेचा प्रश्न निकालाने मिटला असे मी मानत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण या सगळ्या ओढाताणीतही दिवस मागतो तो गाव. धान केव्हा निघते, चुरणे केव्हा व्हायचे, शेजारच्या गावाने कोणता दिवस धरला आहे, लेकीला केव्हा येता येईल, हे बघून मागतो. बोदलकशाच्या महोत्सवाचा दिवस नागपूरच्या कचेऱ्यांची सुट्टी बघून ठरेल. मग दंडारीचे लोक तिथे मजुरीने नाचतील, पटाच्या जोड्या ट्रकमधून आणून दोनदा पळवल्या जातील, नाटक रात्री बाराच्या आत संपवावे लागेल कारण सकाळी सफारी आहे. आणि त्याच शनिवारी जवळच्या एखाद्या गावी खरीच मंडई असेल, तर तिचे कलाकार तलावाच्या काठावर असतील.

महामंडळाला काही करायचेच असेल तर ते स्वस्तात होण्यासारखे आहे. तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनी या तालुक्यांतल्या गावांनी ठरवलेल्या मंडयांच्या आणि पटांच्या तारखा गोळा करून निवासस्थानाच्या फलकावर लावाव्यात, आणि गावी जायची वाट सांगावी. यादीतल्या पुष्कळ तारखा मंगळवार-बुधवारी येतील. खोल्या त्या दिवशी भरणार नाहीत, अशी तक्रार होईल. काही भरतील.