वेलीवरचा तस्कर

सकाळी पूजेसाठी फुलं काढायला गेले. समता कॉलनीतल्या आमच्या कुंपणावर मधुमालतीची जुनी वेल आहे. एक घोस ओढला, तशी आतली डहाळी सरकली. ती डहाळी नव्हती.

तपकिरी अंग. पुढच्या भागावर पांढऱ्या ठिपक्यांचे आडवे पट्टे, शेपटीकडे दोन गडद उभ्या रेघा. डोळ्याखाली काजळ ओघळावं तशी बारीक काळी रेष. तस्कर होता. बिनविषारी.

मला पाहून त्याने मान उचलली, अंगाला वळसे दिले आणि जबडा उघडला. शेपटीचं टोक पानांवर थरथरत होतं. मागून कामाच्या बाई ओरडल्या, "डोमी हे, डोमी!" त्यांच्या छत्तीसगढीत डोमी म्हणजे नाग. त्यांची भीती खोटी नव्हती. पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या माणसाला विषारी मण्यार चावते, हे त्यांच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही.

पण हा बिचारा नागासारखा उभा राहिला तो विष नाही म्हणून. भीती दाखवण्यापलीकडे त्याच्याकडे फारसं काही नाही. आणि तेवढ्यासाठीच तो काठीखाली जातो. घाबरलेला जीव घाबरवू लागला की समोरच्याला त्याचं घाबरणं दिसत नाही.

फ्रेंच अभ्यासक दोदँ याने १८०३ साली शास्त्रीय नावात त्याला 'हेलेना' म्हटलं. आपण म्हणतो तस्कर, म्हणजे चोर. नेतो काय तो? उंदीर, पाली, सरडे, कधी घरट्यातलं पिल्लू. भक्ष्याला वेटोळ्यात आवळतो आणि गिळतो. उन्हाळ्यात रात्री हिंडतो, एरवी दिवसाही दिसतो. जमिनीवर राहतो, पण वेल-झुडपांवरही सहज चढतो. आमच्या कोठीत उंदरांनी तांदळाची पोती कुरतडली, त्यांना आम्ही कधी तस्कर म्हटलं नाही.

मी दोन पावलं मागे आले. बाईंचा हात धरून उभी राहिले. काही वेळाने त्याने तोंड मिटलं. मान खाली घेतली. वळसे एकेक करून सुटले आणि तो वेलीतून वर, छज्ज्याकडे निघून गेला. बाई हळूच म्हणाल्या, "गेला."

साप ओळखता येवो न येवो, हात लावू नका आणि काठीही शोधू नका. दोन पावलं मागे सरा. बहुतेक वेळा त्याला तेवढीच वाट हवी असते.