अक्षर घडविणाऱ्याचे ऋण

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ती सांगणारे ज्ञानेश्वर सर्वांस ठाऊक आहेतच. परंतु ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचेही नाव ग्रंथाच्या अखेरच्या ओव्यांत आदराने नोंदलेले आढळते. विचार एकाचा व अक्षर दुसऱ्याचे असले, तरी उल्लेख दोघांचाही व्हावा, ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे. मुद्रणकला आल्यावर मात्र ती मागे पडली. आपण रोज वाचतो ती अक्षरे कोणी घडविली, हा प्रश्न सुशिक्षित घरांतही क्वचितच निघतो. हे केवळ अज्ञान, की यात काही नैतिक उणीवही आहे?

याच जिल्ह्यात १८४२ साली अमेरिकन मिशनचे 'ज्ञानोदय' हे पत्र निघाले. त्या मिशनच्या मुंबईतील छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी मराठी खिळे सुधारले, आणि तेथेच जावजी दादाजी बालवयात खिळे घासण्याच्या कामास लागले. पुढे जावजींनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना व १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागराचे संस्कृत ग्रंथ पंडितांनी वाखाणले. पण त्या सुबक वळणाचे ठसे कोरले ते जावजींचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करावयाचा, आणि त्यात शिशाचा रस ओतून खिळा काढावयाचा, असे हे काम. त्यातही नागरीस वेलांट्या, मात्रा, उकार, रफार व जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागतात, आणि प्रत्येकाचे वळण इतरांशी जुळावे लागते. युरोपात बास्करव्हिल, बोदोनी यांची अक्षरवळणे त्यांच्याच नावांनी ओळखली जातात. आमच्याकडे नाव राहिले ते छापखान्याचे.

यावर कोणी म्हणेल की, अक्षराचा धर्मच असा आहे. वाचकाचे लक्ष अर्थावरून ढळून अक्षराकडे गेले, तर ते अक्षर फसले. मग जो स्वतः विसरला जावा म्हणून झटतो, त्याचे स्मरण कशास? शिवाय फळाची आशा न धरता कर्म करावे, ही तर आपली शिकवण.

हा आक्षेप पोकळ नाही. वाचताना अक्षराचा विसर पडलाच पाहिजे. परंतु वाचन संपल्यावरही तो राहावा, असे त्यावरून सिद्ध होत नाही. निष्काम कर्माचा उपदेश कर्त्याने स्वतःस करावयाचा असतो. त्याच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्याने तो त्याला ऐकविणे म्हणजे देणे बुडविण्याची सोय करणे होय. आरूंनी नावाची अपेक्षा धरली नसेल, तर तो त्यांचा मोठेपणा. त्यामुळे आपण ऋणमुक्त होत नाही. आणि यात हानी केवळ मृतांच्या कीर्तीची नाही. ज्या कलेचे कर्ते कोणास माहीत नसतात, तिचे बरेवाईटही समाज पारखेनासा होतो, आणि होतकरू माणसे तिच्याकडे वळत नाहीत.

शिशाचे युग सरले, तरी प्रश्न तोच आहे. संगणकावर मराठी लिहिणाऱ्या असंख्य लोकांनी 'मंगल' हा टंक वर्षानुवर्षे वापरला. तो कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडविला. ते २००८ साली निवर्तले. परंतु त्यांच्याच अक्षरांत पत्रे लिहिणाऱ्या कितीजणांस हे ठाऊक आहे?

उपाय अवघड नाही. पुस्तकाच्या आरंभी प्रकाशक, मुद्रक आणि मुखपृष्ठकार यांची नावे असतात. तेथेच अक्षरवळणाचे व ते घडविणाऱ्याचे नाव छापावे. एका ओळीचा हा खर्च आहे. नेवाशाच्या त्या ग्रंथात लेखनिकासाठी जागा निघाली, तर आपल्या पुस्तकांतही ती निघावयास हरकत नसावी.