चाल कुणाची, नाव कुणाचं

१९६६च्या मार्चमध्ये जॉन लेनन लंडनच्या एका वृत्तपत्राशी बोलताना म्हणाला की बीटल्स आता येशूपेक्षा जास्त लोकप्रिय आहेत. इंग्लंडात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र त्यांच्या तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. लेनन उद्धट बोलला, पण प्रश्न खरा होता. लाखो लोक ज्याचं गाणं गातात त्याची थोरवी त्या लाखांवरून ठरवायची का? आपल्याकडे हा प्रश्न अजय-अतुल या संगीतकार जोडीबद्दल विचारता येतो आणि त्याला बावड्याइतकी योग्य जागा नाही. आषाढी वारीत इंदापूरचा मुक्काम हलला की तुकोबांची पालखी बावड्यावरून नीरेकाठच्या सराटीकडे जाते. त्या वाटेवर दोन संगीतं समोरासमोर येतात: मांडवातल्या स्पीकरवर ‘लय भारी’ या सिनेमातलं (२०१४) त्यांचं ‘माऊली माऊली’, आणि टाळ-मृदंगाच्या गजरात चालत येणारी दिंडी.

दिंडीत मधे वीणेकरी, दोन्ही बाजूंना टाळकरी, सोबत पखवाज. अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा येते, म्हणून शब्द कुणाचे ते सगळ्यांना ठाऊक असतं. चाल कुणाची, हे कुणी विचारत नाही. शिवाय ती नाममुद्रा श्रेय मागत नाही. साक्षीदाराने कागदावर सही करावी तशी ती बोलण्याची जबाबदारी घेते. सिनेमात नेमकं उलट. संगीतकाराचं नाव घरोघरी, आणि ‘माऊली माऊली’चे शब्द गुरु ठाकूर यांचे, हे किती जणांना सांगता येईल? मग वारकरी मापाने ही सगळी कीर्ती उपरीच म्हणायची का? तसं म्हणणारे आहेत. त्यांच्या मते या जोडीने गोंधळ्यांचा, जोगत्यांचा, तमाशाचा ठेका उचलला आणि त्यावर वाद्यवृंद चढवला. पण उचलणं हा दोष धरला तर भजनी मंडळंही सुटत नाहीत. नाट्यपदाच्या आणि सिनेमाच्या चालींवर अभंग म्हणणं जुनं आहे; बुजुर्ग बुवा कुरकुरतात, भजन चालू राहतं. चाल पायवाटेसारखी असते, तिचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो.

म्हणून कसोटी वेगळी हवी. स्पीकरचं बटण बंद केलं की उरतं काय? लोकप्रियतेचा आकडा इथे कामाचा नाही, कारण स्पीकरवर गाणं दुसराच कुणी लावतो. गळ्यातून मात्र ते ज्याचं त्याला काढावं लागतं. या जोडीचं ‘सैराट’चं (२०१६) संगीत लॉस एंजेलिसला सिम्फनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झालं, याचं केवढं कौतुक झालं! ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचं जेऊर बावड्याहून उजनीच्या पाण्यापलीकडे, करमाळा तालुक्यात; तेव्हा या भागाला अभिमान वाटणं साहजिक आहे. पण वाद्यवृंद हा कीर्तीचा सर्वांत कच्चा पाया आहे. व्हायोलिनवाले पैसे मोजून मिळतात. लग्नाच्या वरातीत बँजो पार्टी ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ वाजवते तेव्हा एकही व्हायोलिन नसतं, आणि पहिल्या दोन मात्रांत पोरं नाचायला लागतात. ‘माऊली माऊली’चंही तेच. एकाने ओळ टाकायची, समुदायाने नाव उचलायचं, ही तर भजनाचीच रीत. गाणं न शिकलेल्या शंभर माणसांना एकदम झेलता येईल अशी ओळ बांधणं सोपं नाही. भारी वाद्यं परवडणाऱ्या कितीतरी संगीतकारांना ते जमलेलं नाही.

हा उन्माद आहे, भक्ती नव्हे, असा आक्षेप उरतो. तो खरा आहे, पण पत्ता चुकलेला. भक्ती चालीत भरून देता येत नाही. ती गाणाऱ्याने आणायची असते, अभंग गातानासुद्धा. जे संगीतकाराच्या हातात नाही त्याचा जाब त्याला विचारू नये, आणि त्याचं श्रेयही देऊ नये. तेवढं वजा करूनही अजय-अतुल यांची कीर्ती रास्त ठरते. २००८ सालचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना ‘जोगवा’साठी मिळाला. लॉस एंजेलिसचा वाद्यवृंद तेव्हा अजून यायचा होता.