शेरा आणि निकाल

१९२९ नंतरच्या महामंदीने अमेरिकेतील पेढ्यांचे दिवाळे वाजवले, लक्षावधी हातांची रोजी हिरावली. त्या दशकात ठेंगणा, गाठाळ गुडघ्यांचा, हरण्यालाच सरावलेला सीबिस्किट नावाचा एक घोडा, एका डोळ्याने अंध असलेल्या रेड पोलार्ड या जॉकीच्या हाती आला, ही हकिकत गॅरी रॉस यांच्या २००३ सालच्या ‘सीबिस्किट’ चित्रपटात साकारली आहे. १ नोव्हेंबर १९३८ रोजी याच घोड्याने पिम्लिकोच्या मैदानावर वॉर ॲडमिरल या मातब्बर घोड्याला चार लांबींनी मागे टाकले, तेव्हा कोट्यवधी लोक रेडिओला कान लावून बसले होते. अश्व आणि स्वार, दोघेही पायाने जायबंदी होऊन सावरले आणि २ मार्च १९४० रोजी सांता अनिताची शर्यत त्यांनी मिळून जिंकली. म्हणूनच कुणाच्या नावापुढे ‘निकामी’ लिहिताना लेखणी क्षणभर थांबवावी. शेरा म्हणजे निकाल नव्हे.