ऋणकोचें घर

मनुष्यानें दिलेला शब्द पाळावा, हें नीतीचें पहिलें सूत्र. आणि संकटांत सांपडलेल्यास हात द्यावा, हें दुसरें. हीं दोन्ही सूत्रें आपण लहानपणीं एकाच मुखांतून ऐकतों, आणि एरवीं तीं परस्परांच्या आड येत नाहींत. परंतु ज्यानें घर गहाण ठेवून कर्ज काढलें आणि ज्याचे हप्ते तुंबले, त्याच्या दारीं मात्र तीं समोरासमोर उभीं राहतात. अशा ऋणकोस सरकारनें साह्य करावें, कीं धनकोस लिलाव करूं द्यावा?

अमेरिकेस ह्या प्रश्नाचें उत्तर १९२९ नंतरच्या मंदींत द्यावें लागलें. तेथें त्या काळीं घरांवरील पुष्कळशीं कर्जें तीनपासून पांच वर्षांच्या मुदतीचीं असत. मुदत सरली कीं मुद्दलासाठीं नवें कर्ज काढावें, अशी वहिवाट होती. बँका बुडूं लागल्या, नवें कर्ज मिळेना, आणि रोजगार गेल्यामुळें हप्ताही देववेना. तेव्हां १९३३ सालीं 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' हें सरकारी मंडळ निघालें. त्यानें थकलेलीं कर्जें रोखे देऊन धनकोंकडून आपल्याकडे घेतलीं आणि ऋणकोंस १५ वर्षांची मुदत व शेकडा ५ व्याज ठरवून नवे हप्ते बांधून दिले. सुमारें १० लाख कुटुंबांस हा आधार मिळाला.

त्याच वर्षीं मिनेसोटा राज्यानें लिलावानंतर घर सोडवून घेण्याची मुदत वाढविण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. हा कायदा करार मोडतो, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९३४ सालीं ५ विरुद्ध ४ मतांनीं कायदा टिकला. तथापि त्या दाव्यांतील ऋणकोस वाढीव मुदतींत दरमहा ४० डॉलर भरावे लागले, हें विसरूं नये.

ह्यावर एक आक्षेप आहे, आणि तो क्षुद्र नाहीं. २००९ सालीं, पुन्हां अशीच आपत्ति आली असतां, पात्र कुटुंबांचा हप्ता त्यांच्या ढोबळ मासिक उत्पन्नाच्या शेकडा ३१ पर्यंत उतरविण्याची योजना निघाली. तेव्हां ज्यानें ऐपतीपुरतेंच घर घेतलें, पोटाला चिमटा घेऊन प्रत्येक हप्ता वेळेवर भरला, त्यानें विचारलें : माझ्या सचोटीचें फळ काय? ह्या मनुष्यास मत्सरी म्हणणें सोपें आहे. पण ज्याच्या प्रामाणिकपणावर सर्व देवघेव चालते, त्यास उत्तर देणें समाजाचें कर्तव्य आहे.

आमच्या मतें तें उत्तर मुदत आणि माफी ह्यांच्या भेदांत आहे. मुदत मिळालेला मनुष्य आपल्या शब्दाशीं बांधलेलाच राहतो. माफींत मात्र एकाचें ओझें दुसऱ्याच्या खांद्यावर जातें, म्हणून ती क्वचित् आणि कारण दाखवूनच द्यावी. शिवाय मंदींत शेंकडों घरें एकदम लिलावास निघालीं तर गिऱ्हाईक मिळत नाहीं; धनकोचें मुद्दल बुडतें आणि हप्ते भरणाऱ्या शेजाऱ्याच्या घराचीही किंमत उतरते. अशा वेळीं ऋणकोस दिलेला अवसर त्या सचोटीच्या शेजाऱ्यासही उपकारक होतो. धनकोच्या हक्कास मर्यादा घालणें आपल्याकडेही नवें नाहीं : दामदुपटीचा नियम एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं देत नसे.

पण येथेंच थांबणें अप्रामाणिकपणाचें होईल. वर सांगितलेल्या मंडळानें सवलत देऊनही सुमारें २ लाख घरें अखेर स्वतःच ताब्यांत घेतलीं. १९५१ सालीं त्याचा कारभार आटोपला, तेव्हां हिशेबीं अल्पसा नफाच उरला होता. म्हणजे दया आणि हिशेब एकत्र नांदूं शकतात. मात्र सर्वांचीं घरें वांचवूं, असें वचन कोणासही देतां येत नाहीं. ज्यास मुदत मिळूनही फेड शक्य नाहीं, त्यास घर सोडावें लागेल. अशा वेळीं त्यास लबाड न ठरवितां, चार लोकांत मान खाली घालावयास न लावतां निघूं द्यावें, एवढें तरी आपल्या हातीं असतें. ज्यांचे हप्ते सुखरूप फिटले, त्यांनीं आपल्या सचोटींत दैवाचा वांटा किती होता, हें एकदां मनाशीं तपासून पाहावें.