पायडलाचं आवर्तन

गिअर नसलेल्या साध्या काळ्या सायकलचं पायडल एकदा पूर्ण फिरलं की सायकल सुमारे पाच मीटर पुढं जाते. एका फेरीला एक मात्रा धरली, तर तीनतालाच्या सोळा मात्रांत ऐंशी मीटर रस्ता मागं पडतो. कोल्हापूरच्या कसबा बावड्याहून शियेमार्गे शिरोली एमआयडीसीकडं जाताना या ऐंशी मीटरांत कधी उसाचा फड मावतो, कधी नदीचं पात्र, तर कधी फाउंड्रीच्या कंपाउंडची लांबच लांब भिंत. सम कुठं पडणार हे पाय ठरवतात. समेवर काय भेटणार हे मात्र रस्ता ठरवतो.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला निसर्गातून प्रेरणा मिळते, असं आपण सहज बोलून जातो. त्या बोलण्यातला निसर्ग बहुधा आंबोलीच्या धुक्यातला किंवा दाजीपूरच्या जंगलातला असतो. शिरोलीचं नाव त्यात येत नाही. एका अंगाला पुणे-बंगळूर महामार्ग, दुसऱ्या अंगाला ऊस आणि मधे ओतकामाचे कारखाने. पाणी उपसायच्या ऑइल इंजिनांवर वाढलेला कोल्हापूरचा हा उद्योग आता मोटारी आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग ओततो. वाळूचा साचा, कोअर, भट्टी, ओतणं, साचा फोडणं, मग ओतीव भाग साफ करायचं फेटलिंग आणि ग्राइंडिंग. अशा ठिकाणी सर्जनाला काय मिळणार, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण आज गाणं शिकणारी अनेक मुलं अशाच ठिकाणी राहतात. जंगलात जाऊन बसायची सोय असलेल्यांपुरतीच प्रेरणा असेल, तर संगीत फार थोड्यांचं उरेल.

माझं म्हणणं असं की सायकल ही कानाच्या वेगाची गाडी आहे. मोटारसायकलवर स्वतःचं इंजिन आणि हेल्मेटमधला वारा यांपलीकडं काही ऐकू येत नाही. चालताना एकच आवाज फार वेळ सोबत राहतो आणि कान त्याला सरावतो. तासाला चौदा-पंधरा किलोमीटरच्या वेगानं जाणाऱ्याला मात्र आवाज उगवताना, भरताना आणि मावळताना ऐकू येतो. दुरून टिटवी, मग जवळून टिटवी, मग पाठीमागं टिटवी. तेवढ्यात पुढून ग्राइंडिंगची धार वर चढू लागलेली असते. दोन आवाजांची ही जोड कुणी रचलेली नसते, ती जाणाऱ्याच्या वेगामुळं घडते. वेग बदलला की तीच जोड वेगळी ऐकू येते. रचना करणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकारानं १९०० साली, वयाच्या त्रेचाळिशीत, सनबीम कंपनीची सायकल घेतली आणि तिचं नाव ‘मिस्टर फीबस’ ठेवलं. पुढची काही वर्षं तो मॉल्व्हर्नच्या टेकड्यांभोवतीच्या गल्ल्याबोळांतून तिच्यावरून भटकला. ते हिरवं, ग्रामीण इंग्लंड. शिरोलीला जवळचं उदाहरण डुसेलडॉर्फच्या ‘क्राफ्टवेर्क’ या गटाचं आहे. पोलाद आणि कोळशाचा रूर प्रदेश त्यांच्या शेजारी, आणि त्यांचं बहुतेक संगीत यंत्रांवरचं. १९७४ मध्ये त्यांनी मोटारीच्या महामार्गावर ‘ऑटोबान’ केलं, १९७७ मध्ये रेल्वेवर. पुढं गटातले लोक सायकलच्या नादी लागले आणि १९८३ मध्ये ‘तूर द फ्रान्स’ आलं. त्यात सायकलीच्या यंत्राचे आवाज आहेत आणि त्यांच्या जोडीला माणसाचा धापा टाकणारा श्वास आहे. मोटारीच्या गाण्यात आवाज करायला यंत्र पुरेसं होतं. सायकलच्या गाण्यात फुप्फुसाशिवाय काही हलत नाही. यंत्रांचं संगीत करणाऱ्यांना श्वासाचा आवाज गाण्यात आणावासा वाटला, तो सायकलवर बसल्यानंतर, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

इथं एक आक्षेप घ्यायला हवा. २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ या संशोधकांनी चालणं आणि कल्पकता यांचा संबंध तपासला. बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना जास्त सुचल्या. आणि कोऱ्या भिंतीकडं तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही त्या सुचल्या. मग झाडं, नदी, पाखरं कशाला हवीत? हॉलमध्ये व्यायामाची सायकल ठेवली की काम भागेल. मला या निष्कर्षातली निम्मी गोष्ट पटते. हालचालीनं मन सैल होतं, हे खरं. पण त्या प्रयोगात लोकांना शब्दांतून कल्पना सुचवायच्या होत्या, आणि शब्दांचा साठा ते डोक्यात घेऊनच आले होते. संगीताचा कच्चा माल कानातून आत जातो. पाय मन मोकळं करतील. त्या मोकळ्या मनात काय येऊन पडणार, ते भोवताल पुरवतो. कोरी भिंत पुरवत नाही.

याला आपल्याकडं गायक कुमार गंधर्वांचा मोठा दाखला आहे, आणि तो माझ्या सायकलच्या बाजूनं अजिबात नाही. क्षयरोगामुळं देवासला कित्येक वर्षं ते अंथरुणाला खिळून होते, गाणं बंद होतं. हालचाल नाही, प्रवास नाही. तरी माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली, आणि त्या धुनांतून पुढं मधसुरजा, लगनगंधार यांसारखे राग उगवले. म्हणजे गाणाऱ्यानं हलायलाच हवं असं नाही. कुमारांच्या बाबतीत ते स्वतः स्थिर होते आणि गाणं त्यांच्यापर्यंत चालत येत होतं. शिरोलीत कोण चालत येणार? इथं ट्रक येतात. म्हणून इथल्या गाणाऱ्याला उठून आवाजापाशी जावं लागतं.

अडचणीतून गाणं घडतं, या विचाराला कोल्हापुरात जुना आधार आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयानं गायक अल्लादिया खाँ इथं राहिले आणि १९२२ मध्ये महाराज गेल्यावर मुंबईला गेले. तरुणपणी अति गाण्यानं त्यांचा आवाज बसला होता. जो आवाज परत आला तो पूर्वीसारखा नव्हता. त्यांनी त्या आवाजाला पेलेल अशी गायकी बांधली: पेचदार, लयीला घट्ट धरून चालणारी, आवर्तनाचा कोपरा न् कोपरा भरणारी. त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले आणि मल्लिकार्जुन मन्सूरांपासून धोंडूताई कुलकर्ण्यांपर्यंत अनेकांना त्यांनी तालीम दिली. त्यांच्या या जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं ऐकताना गायकानं श्वास नेमका कुठं घेतला ते चटकन कळत नाही. तो घेतलेला तर असतोच. पण बोलाच्या, तानेच्या वळणात इतका मुरलेला असतो की ओळ तुटत नाही. दमसास म्हणतात तो हा.

सायकलवर श्वासाची ही शिस्त अंगानं समजते. सपाट रस्त्यावर पायडल आणि श्वास यांची जोडी आपोआप जमते, आणि शियेच्या रस्त्याला आकारात गुणगुणता येतं. जोतिबाच्या डोंगराच्या चढाला लागलात की गुणगुणणं संपतं. तिथं श्वास कुठं घ्यायचा हा निर्णय होऊन बसतो. चढ आहे म्हणून लय सोडली तर पाय भरून येतात. लय धरली तर श्वास आखूड घ्यावा लागतो, आणि आखूड श्वासात ओळ कशी पुरी करायची हे शोधावं लागतं. बैठकीतला रियाज हे शिकवतोच. पण बैठकीत अडचण गुरू घालून देतात; रस्त्यावर ती जमीन घालून देते आणि तिला विनवता येत नाही. अल्लादिया खाँनी बसलेल्या आवाजातून जे काढलं त्याची थोरवी मला पुस्तकांपेक्षा चढावर जास्त उमगली.

आता शिरोलीत प्रत्यक्ष काय ऐकू येतं ते सांगतो.

आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुपटीनं, म्हणजे १०० हर्ट्झवर, गुणगुणतो आणि त्या सुराच्या पटीतले २००, ३०० हेही सूर त्यात मिसळलेले असतात. काळी एक पट्टीत गाणाऱ्याचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर असतो. त्याचा तीव्र मध्यम येतो १९५च्या आसपास आणि पंचम २०८ला. ट्रान्सफॉर्मरचा २०० या दोहोंच्या मधे अडकलेला. धड तीव्र मध्यम नाही, धड पंचम नाही. एमआयडीसीतल्या रस्त्यावरून गुणगुणत जाताना आपला पंचम एकाएकी हलल्यासारखा वाटतो, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. पहिल्यांदा त्याचा त्रास होतो. मग त्यातलं ताणलेपण कळू लागतं, आणि तीव्र मध्यमावरून पंचमाकडं जायला किती वाट पाहायला लावायची, हा खेळ सुचू लागतो. इंडक्शन भट्टीचा सूर तर स्थिरही नसतो. आतलं लोखंड तापत, वितळत जातं तसा तो सरकतो. ही मींड कुठल्याच श्रुतीवर विसावत नाही.

कारखान्याच्या भिंतीलगत वड-पिंपळ असेल तर त्यावर तांबट पक्षी बसलेला असतो. उन्हाळ्यात तो एकाच सुरात मिनिटाला शंभरावर ठोके देत राहतो, न थकता. सायकलवाल्याचं पायडल मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्या करतं, म्हणजे दोन पाय मिळून शंभर-एकशेवीस दाब. तांबटाची आणि पायांची लय जवळजवळ जुळते, पूर्ण जुळत नाही. या जवळजवळमध्ये फार मोठी गंमत आहे. दोन लयी काही वेळ एकत्र जातात, मग हळूहळू सुटतात, मग पुन्हा भेटतात. त्या सुटण्या-भेटण्याला कान लावला की आडलयीचं गणित कागदावर मांडायची गरज उरत नाही. कोकीळ तिसरंच काहीतरी करतो: प्रत्येक हाकेला सूर थोडा वर नेतो आणि ऐन वेळी थांबतो.

दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की आवाजाचा नकाशाच बदलतो. ऊस भरलेले ट्रॅक्टर दणक्यात गाणी लावून जातात आणि सायकलवाल्याला रस्त्याच्या कडेला उतरावं लागतं. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला सासनकाठ्या निघतात, तेव्हा हलगी, घुमकं आणि कैताळ दुरून वेगवेगळे ऐकू येतात. आधी हलगीची टिपरी, बऱ्याच वेळानं घुमक्याचा घुमारा. जवळ गेल्यावर तिन्ही एक होतात. वाद्यवृंदाची मांडणी करणाऱ्यानं एकदा तरी या अंतरातून सायकलनं जाऊन यावं.

हे सगळं लिहिताना एका गोष्टीकडं डोळेझाक करता येत नाही. जो आवाज मी दोन-चार मिनिटांत पार करतो, त्यात फेटलिंगचा कामगार आख्खी पाळी उभा असतो. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही कायद्यानं घातलेली मर्यादा आहे. लोखंडावर ग्राइंडर टेकला की आवाज सहज तिच्यावर जातो. गोंगाटानं कान जातो तेव्हा तो सगळा एकदम जात नाही. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येईनासं होतं. बोलण्यातली काही व्यंजनं त्या भागात असतात, तशीच तंबोऱ्याच्या जवारीची चमकही. शिरोलीच्या पंचक्रोशीत गावोगावी भजनी मंडळं आहेत आणि त्यांत दिवसा भट्टीवर असणारे लोक रात्री टाळ घेऊन बसतात. त्यांतल्या काहींना टाळ ऐकू येतो, पण टाळाची किणकिण विझत जाते ती शेपटी ऐकू येत नाही. कुणाच्या कानातून ती कधी गेली हे त्यालाही कळलेलं नसतं. कानाचे मफ आणि दरवर्षी श्रवणाची तपासणी हा विषय कामगार सुरक्षेच्या फायलीत असतो. माझ्या मते तो कोल्हापूरच्या संगीताचाही विषय आहे, आणि गायन समाज देवल क्लब या संगीत संस्थेची परंपरा सांगणाऱ्या शहरानं तो आपला मानायला हवा.

शांतता मागायची तर कसली, हेही नीट सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, ट्रकांच्या रांगा लागल्या, इंजिनं बंद झाली. त्या शांततेत पाखरंही नव्हती. जनावरं कुठं हलवली आणि धान्य कुठं ठेवलं याची हाक तेवढी होती. मला तशी शांतता नको आहे. मला भट्टी चालू हवी, लोकांच्या हाताला काम हवं आणि भट्टीशेजारी तांबट बसेल इतकं जुनं झाडही हवं. ट्रान्सफॉर्मर आणि तांबट एकमेकांना धरून ऐकू येतात, तोवर कानाला फरक करायचं काम मिळतं. झाड तोडलं की उरतो तो नुसता ट्रान्सफॉर्मर, आणि कान काम सोडून देतो.

कारखान्याबाहेर, औद्योगिक क्षेत्राच्या परिसरासाठी, दिवसा ७५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. आवाज किती असावा हे तो नियम सांगतो. आवाजात काय असावं हे कुठलाच नियम सांगत नाही. ते काम वृक्षारोपणाच्या यादीत जमेल. शोभेच्या झाडांऐवजी वड, पिंपळ, उंबर लावले की फळं खाणारी पाखरं येतील. शियेच्या रस्त्याला दोन्ही कडांनी सायकलपुरती पट्टी सोडली, तर डबा अडकवून पाळीला जाणाऱ्यांना ट्रॅक्टर आला म्हणून मातीत उतरावं लागणार नाही. सायकलनं कामाला जाणारे अजून आहेत, आणि पहिल्या पाळीला जाताना त्यांतले पुष्कळजण गुणगुणत असतात. त्यांच्या गाण्याला कुणी रियाज म्हणत नाही.

सध्या मी तीव्र मध्यमावर थांबणारी एक मध्यलयीतली बंदिश बांधतो आहे. अस्थायी झाली आहे. अंतरा पंचमावर उघडायचा की थेट वरच्या षड्जावर, हे ठरत नाही, कारण भट्टीच्या भिंतीजवळ पंचम पटतो आणि नदीवर आल्यावर षड्ज.